शालेय दांडगाई-प्रतिबंध, नॉर्वेतील
मुलांमधील दांडगाई म्हणजे पोरखेळ, हा समज मोडण्यात नॉर्वेचा वाटा मोठा आहे. १९८२ च्या अखेरीस देशाच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यांमागील संभाव्य कारण होते. १९८३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने देशव्यापी मोहीम उघडली. बर्गेनचे मानसशास्त्रज्ञ दान ओल्वेउस (१९३१–२०२०) यांच्या कार्यक्रमात मधल्या सुट्टीत मैदानावर मोठ्यांची देखरेख, वर्गाने मिळून ठरवलेले नियम आणि दोन्हीकडच्या पालकांशी बोलणी यांवर भर होता. ‘तूही दोन ठेवून दे’ हा घरोघरचा सल्ला येथे लटका पडतो. कारण छळणारा आणि छळला जाणारा यांचे बळच विषम असते. पुढे फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या ‘कीवा’ कार्यक्रमाने रोख बघ्यांकडे वळवला, कारण दांडगट मुलाचा रुबाब बहुधा त्यांच्याच हसण्यावर पोसला जातो.