अवरोधी दूरस्थ आवाहन

अवरोधी दूरस्थ आवाहन अर्थात ब्लॉकिंग रिमोट कॉल म्हणजे एका संगणकावरील आज्ञावलीने जाळ्यामार्फत दुसऱ्या संगणकाकडे काम सोपवणे आणि उत्तर येईपर्यंत स्वतःचे पुढील काम थांबवून ठेवणे होय. लिहिण्यास सोपी असल्यामुळे ही पद्धत सर्रास वापरली जाते. तथापि पलीकडचा संगणक मंदावल्यास संपूर्ण उपयोजन ठप्प होण्याचा धोका तिच्यात असतो. पलीकडून स्पष्ट नकार आल्यास आज्ञावली पुढचा मार्ग धरू शकते. काहीच उत्तर न आल्यास ती अडकून पडते.

इतिहास

अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांच्या १९८४ मधील शोधनिबंधामुळे दूरस्थ आवाहनाच्या कल्पनेला सुस्पष्ट रूप मिळाले. दूरच्या संगणकावरील काम स्थानिक कामाइतकेच सहज करवून घेता यावे, हा त्यामागील हेतू होता. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वाल्डो व सहकाऱ्यांनी हे दोन प्रकार मुळातच भिन्न असल्याचे प्रतिपादन केले. त्याच कंपनीतील पीटर डॉइच यांनी नोंदवलेल्या प्रसिद्ध गैरसमजांत ‘जाळे विश्वसनीय असते’ आणि ‘विलंब शून्य असतो’ या दोहोंचा समावेश आहे.

धोके

पडदा गोठणे : उपयोजनाच्या मुख्य थ्रेडवरच उत्तराची वाट पाहिल्यास वापरकर्त्याच्या स्पर्शाला प्रतिसाद मिळत नाही. अँड्रॉइड प्रणालीत स्पर्शाला सुमारे ५ सेकंद प्रतिसाद न मिळाल्यास तशी सूचना झळकते. अँड्रॉइड ३.० पासून मुख्य थ्रेडवर जाळ्याशी संपर्क साधण्यास प्रतिबंध आहे.

थ्रेड संपणे : एखाद्या सर्व्हरवर २०० थ्रेड असून प्रत्येक विनंतीस ०.१ सेकंद लागत असल्यास तो दर सेकंदाला २,००० विनंत्या हाताळू शकतो. पलीकडील सेवेमुळे हाच वेळ १० सेकंदांवर गेल्यास क्षमता २० विनंत्यांवर येते. त्या सेवेशी संबंध नसलेल्या विनंत्याही मग ताटकळतात.

साखळी बिघाड : कल्याण व डोंबिवली यांच्यामधील ठाकुर्ली स्थानकाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. मुंबईकडे जाणारी लोकल तेथे अडल्यास मागच्या गाडीला लाल सिग्नल मिळतो. खोळंबा कल्याण जंक्शनपर्यंत पोहोचला, की कसारा व कर्जत या दोन्ही शाखांवरील गाड्याही रखडू शकतात. मागच्या गाड्यांत कोणताही दोष नसतो. त्या केवळ वाट पाहत असतात. परस्परांवर अवलंबून असलेल्या सेवांतही बिघाड असाच मागे मागे सरकतो.

अनिश्चितता : उत्तर न येणे म्हणजे काम न होणे नव्हे. ठाकुर्लीचा प्रवासी मोबाइलवरून लोकलचे तिकीट काढताना रक्कम भरतो आणि पडद्यावरील चक्र फिरतच राहते, अशी कल्पना करता येईल. विनंती वाटेत हरवली, की पैसे वजा होऊन केवळ पोच हरवली, हे त्याच्या मोबाइलला कळू शकत नाही. पुन्हा बटण दाबावे तर दुबार रक्कम जाण्याची भीती. न दाबता गाडीत चढावे तर विनातिकीट ठरण्याची. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयद्वारे रक्कम वजा होऊनही विक्रेत्याकडे पुष्टी न पोहोचल्यास ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत करावी लागते. त्यापुढील विलंबासाठी प्रतिदिन १०० रुपये भरपाई द्यावी लागते. मात्र गाडी पकडण्याच्या क्षणी या तरतुदीने तिकीट मिळत नाही.

उपाय

प्रत्येक आवाहनास कालमर्यादा घालणे हा पहिला उपाय होय. उत्तराची वाट न पाहता इतर कामे चालू ठेवणारी असमकालिक पद्धत मुख्य थ्रेड मोकळा ठेवते. निरनिराळ्या सेवांसाठी थ्रेडचे स्वतंत्र संच राखल्यास एकीचा बिघाड दुसरीपर्यंत पोहोचत नाही. मायकल नायगार्ड यांनी २००७ मधील पुस्तकातून लोकप्रिय केलेली ‘सर्किट ब्रेकर’ रचना वारंवार अपयशी ठरणाऱ्या सेवेकडील आवाहने काही काळ तत्काळ नाकारते. प्रत्येक व्यवहारास एकमेव क्रमांक दिल्यास आणि पलीकडील सर्व्हरने तो तपासल्यास तीच विनंती दुसऱ्यांदा आली तरी रक्कम एकदाच वजा होते.

मर्यादा

कालमर्यादा फार कमी ठेवल्यास पूर्ण होऊ शकणारी कामेही सोडून दिली जातात, तर सर्वांनी एकाच वेळी पुनःप्रयत्न केल्यास आधीच मंदावलेल्या सेवेवरील भार वाढतो. म्हणून दोन प्रयत्नांमधील अंतर क्रमाने वाढवले जाते. वाट किती काळ पाहायची आणि ती संपल्यावर वापरकर्त्याला काय सांगायचे, हे रचनेच्या वेळीच ठरवणे आवश्यक असते.