ग्रेस हॉपर : कंपायलर, कोबोल आणि फूटभर तार

स्मरणिकेसाठी ‘तुझ्या क्षेत्राबद्दल काहीतरी लिही’ असा निरोप आला. माझ्या नोकरीतल्या प्रकल्पांबद्दल लिहिण्यात अर्थ नव्हता. वर्गातल्या निम्म्यांना त्यात रस नाही आणि उरलेले स्वतःच त्यात अडकलेत. म्हणून आमच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, ग्रेस हॉपर यांच्याबद्दल लिहिते. आपण शाळेत म्हणायचो त्या अर्थानेही त्या ‘बाई’च. अमेरिकेतल्या वासर कॉलेजात त्या गणित शिकवत.

जन्म १९०६, न्यूयॉर्क. येल विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. १९३४ची. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या राखीव दलात जायचं ठरवलं तर वय जास्त आणि वजन कमी. सवलत मिळवून १९४३ मध्ये भरती झाल्याच. नेमणूक झाली हार्वर्डमधल्या ‘मार्क १’ या ५१ फूट लांबीच्या गणकयंत्रावर. युद्धानंतर हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळेना, तेव्हा १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉचली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता. वय बेचाळीस, म्हणजे जवळपास आपल्याएवढ्या. आणि खरं मोठं काम यापुढचं आहे.

इंटरनेटवर मात्र हॉपर म्हटलं की पतंगाची गोष्ट येते. १९४७ मध्ये ‘मार्क २’च्या रिलेत एक पतंग सापडला, तो नोंदवहीत चिकटवला, म्हणून प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’ म्हणतात, असं सांगतात. पतंग खरा आहे, पण शब्द त्याआधीचा. एडिसनसुद्धा तो वापरत असे. एवढ्या मोठ्या बाईंची ओळख एका किड्यावर यावी, याचा मला रागच येतो.

तेव्हा प्रोग्रॅमचे उपयोगी तुकडे वहीत लिहून ठेवलेले असत. नव्या प्रोग्रॅममध्ये ते हाताने उतरवायचे, प्रत्येक पत्त्यात बेरीज करायची. माणसं बेरीज चुकत. इंग्रजी ‘बी’चा घाईत तेरा होई. उतरवणं आणि बेरीज ही तर यंत्राची कामं, मग त्यालाच का देऊ नयेत? यातून ‘ए-०’ हा कंपायलर झाला आणि मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी त्यावर निबंध वाचला. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असं म्हणून लोक बराच काळ त्याकडे फिरकले नाहीत.

त्यातली एक अडचण त्यांनी बास्केटबॉलवरून सोडवली. प्रोग्रॅममध्ये पुढच्या एखाद्या ठिकाणी उडी मारायची असते, पण तिथवर यंत्र पोचलेलंच नसतं. पत्ता कुठून आणणार? मुलींच्या जुन्या नियमांत चेंडू घेऊन धावता येत नसे, तो पुढे फेकावा लागे. तशीच ही उडी त्यांनी मेमरीच्या एका राखीव कोपऱ्यात ‘पास’ केली आणि खरा पत्ता कळला की तिथून पुढे धाडली.

मग त्यांनी इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता यावेत असं सुचवलं. संगणकाला इंग्रजी कळत नाही, असं उत्तर आलं. १९५५ मध्ये त्यांच्या गटाने नमुना करून दाखवला, आणि शब्द बदलून तोच प्रोग्रॅम फ्रेंच व जर्मनमध्येही दाखवला. यंत्राच्या दृष्टीने शब्द ही नुसती चिन्हं, हे त्यांना सांगायचं होतं. पण अमेरिकेत बनलेला संगणक फ्रेंच बोलतो म्हटल्यावर वरिष्ठ असे बिथरले, की फक्त इंग्रजीच वापरू हे पटवून देण्यात चार महिने गेले, असं त्या पुढे सांगत. मी मराठी माध्यमातली. हा प्रसंग वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

त्या कामातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा आणि तिच्या आधारे १९५९-६० मध्ये कोबोल आली. त्यांना ‘कोबोलची आई’ म्हणतात ते पूर्ण खरं नाही. कोबोल समितीने घडवली, त्यात जीन सॅमेटसारख्या इतर बायकाही होत्या. आपल्यापुढच्या बॅचची कितीतरी मुलं २००० सालच्या ‘वायटूके’च्या लाटेत हीच कोबोल शिकून परदेशी गेली, आठवतं? ८० रकान्यांच्या कार्डांवर जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहायची सवय लागली होती, त्याची ती दुरुस्ती.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केलं. पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, ते १९८६ पर्यंत सोडलं नाही. तेव्हा त्या रिअर अॅडमिरल होत्या, वय ७९. या काळात त्या गावोगाव भाषणं देत फिरल्या. कार्यालयात उलटं फिरणारं घड्याळ होतं. ‘आम्ही नेहमी असंच करतो’ म्हणणाऱ्यांसाठी. मीही परिषदांत बोलते, स्लाइड्स दाखवते. हॉपर तारेचे तुकडे वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकते तेवढा तुकडा : ११.८ इंच. आपल्या कंपासपेटीत कधीच न मावलेल्या फूटपट्टीएवढा. उपग्रहाला निरोप पोचायला इतका वेळ का लागतो, असं विचारणाऱ्या अॅडमिरलना त्या सांगत, इथून उपग्रहापर्यंत असे फार नॅनोसेकंद आहेत. मायक्रोसेकंदासाठी त्या ९८४ फूट तारेचं वेटोळं उचलून दाखवत आणि म्हणत, हे प्रत्येक प्रोग्रॅमरच्या गळ्यात अडकवायला हवं.