गुरांच्या दवाखान्यातून मांजर घरी येते तेव्हा

नाशिकमध्ये आज मांजराला सलाईन लावून दोन दिवस दवाखान्यात ठेवता येते. पण गावाकडे जनावरांच्या दवाखान्याला अजूनही 'गुरांचा दवाखाना' म्हणतात. या नावातच इतिहास आहे.

सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून मुंबईत परळला १८८३ मध्ये बाई साकरबाई पशुरुग्णालय स्थापन झाले. पुढे १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा शेती आणि वाहतूक बैल-घोड्यांवर चाले, त्यामुळे उपचारांचा भरही त्यांच्यावरच असे. मांजराच्या आजारांचा वेगळा अभ्यास विसाव्या शतकात वाढला.

त्यातून एक मोठा धडा मिळाला: मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे. १९५० च्या दशकात बाजारात आलेली पॅरासिटामॉलची गोळी आज घरोघरी असते. मांजराच्या यकृतात मात्र ती निकामी करणारे विकर फारच कमी असते. औषध विषारी ठरते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. एक गोळीही जीव घेऊ शकते.

म्हणून घरी आणलेल्या मांजराचे अंग गरम लागले, तरी तुमच्या डब्यातली गोळी देऊ नका. पशुवैद्यांना फोन करा. धाप लागली, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या किंवा चेहरा सुजला, तर लगेच दवाखाना गाठा. दिवसभर काही खाल्ले नाही, तरी कळवा. मांजराला शांत खोलीत ठेवा. दुखऱ्या मांजराने चावा घेतला किंवा ओरबाडले, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी भेटा.