जॅझ गायक कोणास म्हणावे?
एका जुन्या वादाचा इतिहास

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेल्या चर्चच्या स्नानसंस्काराच्या वहीत २५ ऑगस्ट १९०१ या दिवसाची एक नोंद आहे. नोंद लॅटिन भाषेत आहे आणि ती एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातील तीन आठवड्यांच्या बालकाची आहे. ते बालक म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला लुई आर्मस्ट्राँग. आपला जन्म ४ जुलै १९०० रोजी, अमेरिकेच्या ऐन स्वातंत्र्यदिनी झाला, असे तो आयुष्यभर सांगत आला. १९७१ मध्ये तो निवर्तला. पुढे ऐंशीच्या दशकात ही वही संशोधकांच्या हाती आली आणि त्याची खरी जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१ असल्याचे निश्चित झाले. जन्मतारखेचा प्रश्न धर्मग्रामाच्या वहीने असा सोडवला. परंतु या माणसाच्या गळ्याने जो प्रश्न उभा केला, तो मात्र अद्याप सुटलेला नाही. चांगला जॅझ गायक कोणास म्हणावे, हा तो प्रश्न होय.

वरकरणी हा रसिकांच्या गप्पांचा विषय वाटेल. परंतु या वादाच्या तळाशी एक गंभीर विचार आहे. माणसाच्या आवाजात आपण नेमके काय ऐकतो? सुराचे सौंदर्य, शब्दाचा अर्थ, की गाणाऱ्याचे सोसलेले आयुष्य? चर्चमधील गायकवृंदात ज्यांनी कधी उभे राहून गायिले आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

जॅझ हे मूलतः वाद्यांचे संगीत. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्समधील मिरवणुकीचे बँड, कृष्णवर्णीयांची ब्लूज ही दुःखगीते, त्यांची भक्तिगीते आणि रॅगटाइम यांच्या संगमातून ते आकारास आले. त्याची दोन लक्षणे सर्वमान्य आहेत. एक, वाजवणाऱ्याने ठरलेली चाल जशीच्या तशी न वाजवता त्या क्षणी तिला नवे रूप द्यावे. दुसरे, ठेका अचल राहावा, पण सुराने त्याच्या किंचित मागेपुढे झुलत राहावे. या झुलण्याला ‘स्विंग’ म्हणतात. वाद्याला ही कसोटी लावणे सोपे आहे. गायकाच्या बाबतीत मात्र शब्द आड येतो. चाल मोडली तर शब्दाचा अर्थ मोडतो, आणि शब्द जपला तर चाल मोकळी होत नाही. सगळ्या वादाचे मूळ या पेचात आहे.

२६ फेब्रुवारी १९२६ रोजी शिकागोत आर्मस्ट्राँगने आपल्या ‘हॉट फाइव्ह’ या पथकासह ‘हीबी जीबीज’ नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाताना शब्दांचा कागद हातून निसटला आणि वेळ मारून नेण्यासाठी त्याने अर्थहीन अक्षरे गायिली, अशी कथा सांगितली जाते. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. अशी अक्षरे त्याआधीच्याही काही तबकड्यांवर ऐकू येतात. परंतु ‘स्कॅट’ या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती या तबकडीने. घोगऱ्या, खरखरीत आवाजाचा हा माणूस ट्रम्पेट वाजवावे तसा गात होता. गोड गळा ही गायकाची पहिली अट नव्हे, हे त्याने एका झटक्यात सिद्ध केले. त्याचबरोबर गळा हे एक वाद्य आहे, असे मानणाऱ्या पंथाचा पायाही त्याने घातला.

त्याच सुमारास एका यंत्राने गायनाचे मोजमाप पालटले. बेसी स्मिथसारखी ब्लूज गायिका तंबूत जमलेल्या शेकडो श्रोत्यांपर्यंत केवळ छातीच्या बळावर आवाज पोहोचवत असे. १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले, रेडिओ घराघरांत गेला, आणि मायक्रोफोनमुळे कुजबुजदेखील गाणे होऊ शकते हे गायकांच्या ध्यानी आले. कानाशी बोलल्यासारख्या या हळुवार गायनाला ‘क्रूनिंग’ असे नाव पडले. अनेकांना ते रुचले नाही. बॉस्टनचे कार्डिनल विल्यम ओकॉनेल यांनी जानेवारी १९३२ मध्ये कॅथलिक पुरुषांच्या एका मेळाव्यात क्रूनिंगवर कडक टीका केली. असे गाणे पौरुषहीन आणि नीतीला घातक आहे, असा त्यांचा आशय होता.

या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय गायक होता बिंग क्रॉस्बी. तो येशूसंघीय धर्मगुरूंच्या गोन्झागा शाळेत व महाविद्यालयात शिकलेला कॅथलिक होता, आणि आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकून त्याने लयीचे धडे घेतले होते. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’ या चित्रपटात त्याने फादर ओमॅली या तरुण धर्मगुरूची भूमिका केली आणि त्याबद्दल त्याला ऑस्कर पारितोषिक लाभले. बारा वर्षांपूर्वी ज्या गायनाची निर्भर्त्सना झाली, तेच आता पडद्यावरच्या धर्मगुरूच्या मुखी शोभू लागले! कार्डिनलमहाशयांची चिंता प्रामाणिक होती, याबद्दल शंका नाही. परंतु नव्या आवाजाला जुन्या आवाजाच्या मापाने मोजले की असा अन्याय घडतो.

या पार्श्वभूमीवर दोन स्त्रिया पुढे आल्या. जॅझ गायनाविषयीचे बहुतेक वाद आजही या दोघींच्या नावाने लढले जातात.

बिली हॉलिडेचा जन्म १९१५ चा. बालपण बाल्टिमोरमध्ये हलाखीत गेले. शाळा चुकवते म्हणून १९२५ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, न्यायालयाने तिला गुड शेफर्ड भगिनींच्या संस्थेत पाठवले. तेथेच तिचा बाप्तिस्मा झाला. १९३३ मध्ये तिची पहिली तबकडी निघाली. तिच्या आवाजाचा पल्ला जेमतेम सव्वा सप्तकाचा होता. पण मूळ चालीतले उंच स्वर खाली आणून, चारपाच स्वरांतच ती गाणे नव्याने बांधी. शब्द ठेक्याच्या मागे असा रेंगाळत येई की आता तो चुकणार असे वाटावे, आणि तेवढ्यात तो नेमक्या जागी टेकावा. ती स्कॅट गात नसे. तिची सारी करामत शब्दांच्या उच्चारात होती.

एला फिट्झजेराल्डचा जन्म १९१७ चा. नोव्हेंबर १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरातील हौशी कलावंतांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून गेली. ऐनवेळी धीर खचला म्हणून गायिली, आणि जिंकली. तीन सप्तकांत सहज फिरणारा, काचेसारखा स्वच्छ गळा तिला लाभला होता. चाळिशीच्या दशकात डिझी गिलेस्पीच्या पथकाबरोबर गाताना बीबॉप या अवघड शैलीतील वाद्यांची भाषा तिने गळ्यात उतरवली. १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनमधील हजारो श्रोत्यांसमोर ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली. थांबली नाही, विसरल्याचीच गंमत तिने त्या चालीत बसवली, मध्येच आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली आणि गाणे तडीस नेले. या गायनाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

आता पक्ष पडले. एलाचे चाहते म्हणत, स्वर, लय आणि क्षणात नवे रचण्याची शक्ती हेच जॅझ असेल, तर तिच्याहून श्रेष्ठ कोणी नाही. बिलीचे चाहते उत्तर देत, एला दुःखाचे गाणेही हसऱ्या चेहऱ्याने गाते. शब्दांत काय म्हटले आहे याची तिला खबरच नसते. बिली मात्र जे गाते ते भोगून गाते. हे शेवटचे विधान इतके रूढ झाले की जणू चांगल्या जॅझ गायनासाठी हालअपेष्टांचा दाखला लागतो.

या समजाला १९९६ मध्ये धक्का बसला. त्या वर्षी जूनमध्ये एलाचे निधन झाले आणि त्यानंतर वृत्तपत्रीय शोधातून तिच्या किशोरवयाची हकीकत पुढे आली. १९३२ मध्ये आई वारली. मुलगी भरकटली आणि तिची रवानगी न्यूयॉर्क राज्यातील मुलींच्या सुधारगृहात झाली. तेथून ती पळाली आणि हार्लेमच्या रस्त्यांवर बेघर होऊन, चार नाण्यांसाठी गात राहिली. अपोलोच्या मंचावर उभी असलेली मुलगी ही होती! या दिवसांविषयी तिने जाहीरपणे जवळजवळ कधीच अवाक्षर काढले नाही. म्हणजे दोघींच्याही वाट्याला हलाखी आणि सक्तीचा आश्रम आला. एकीने त्या काळोखाला आवाजात जागा दिली. दुसरीने आवाज उजळ ठेवला. एलाचा आनंद अज्ञानातून आलेला नव्हता. ती तिची निवड होती. दुःखाच्या मापाने गायकांची तुलना करणाऱ्यांनी तिच्यावर साठ वर्षे अन्याय केला, असेच म्हणावे लागेल.

तोच समज बिलीवरही अन्याय करतो. ती केवळ आपले दुःख आळवत होती असे मानले की तिची मेहनत, तिची बुद्धी दिसेनाशी होते. बेसी स्मिथ आणि आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्या हे तिचे विद्यालय होते. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या सुरावटींशी ती बरोबरीने संवाद करी. १९३९ मध्ये ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे कृष्णवर्णीयांच्या झुंडबळीविषयीचे गीत तिने गायिले. ते लिहिले होते एका ज्यू शिक्षकाने. तिला प्रथम पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंडला वाटत होते की या गीताने तिच्या कलेचे नुकसान झाले. ते जॅझ नव्हेच, असे म्हणणारेही होते. तरी त्या गीताने जे साधले ते कोणत्या स्विंगने साधले असते?

१९५८ मध्ये ‘लेडी इन सॅटिन’ ही तिची तबकडी आली तेव्हा वाद पराकोटीला गेला. व्यसनांनी आणि तुरुंगवासाने खंगलेला तो आवाज भरगच्च तंतुवाद्यांच्या साथीत चिरत होता. कित्येकांना तो ऐकवला नाही. संगीत संयोजक रे एलिस प्रथम नाराज होता. नंतर त्यालाच उमगले की आपण स्वर ऐकत होतो, भाव नव्हे. त्याच वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने सांगितले की पूर्वीच्या बिलीपेक्षा आजची परिपक्व बिली आपल्याला अधिक आवडते. पुढच्या वर्षी, १७ जुलै १९५९ रोजी, ती गेली. न्यूयॉर्कच्या संत पॉल चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यात आली. हजारो लोक आले. ब्राँक्समधील संत रेमंड दफनभूमीत तिला चिरविश्रांती मिळाली.

पुढेही सीमेचे तंटे चालूच राहिले. सारा व्हॉनच्या भव्य गळ्याला कोणी दैवी म्हटले, तर अलंकारांखाली शब्द गुदमरतो अशी तक्रार कोणी केली. फ्रँक सिनात्रा जॅझ गायक की केवळ लोकप्रिय गायक, यावर अजून एकमत नाही. त्याने मात्र १९५८ मध्ये बिली हॉलिडेचे ऋण उघडपणे मान्य केले होते. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स हिला २००३ मध्ये पाच ग्रॅमी मिळाल्या, तेव्हा जॅझसाठी ख्यातनाम असलेल्या ‘ब्लू नोट’ने काढलेले हे गायन जॅझ म्हणावे काय, हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला.

या वादाचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही येऊन मिळतो. गोव्यातील धर्मग्रामांच्या संगीतशाळांत मुले उपासनेसाठी स्वरलिपी शिकत. ही मुले पुढे मुंबईत आली, तेव्हा १९३५ नंतर ताजमहाल हॉटेलात आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन पथकांशी त्यांची गाठ पडली. समोरचा कागद अचूक वाजवण्यात गोमंतकीय कोणाला हार जाणारे नव्हते. पण कागदावर न लिहिलेले ते झुलणे त्यांना ऐकून, जवळ बसून शिकावे लागले. आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हा तर ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणूनच ओळखला गेला. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतातही त्याचा हात होता. पुढे क्रिस पेरीच्या कोकणी गीतांत लोर्नाने तोच झोक आपल्या भाषेत आणला. तिने कोणाची नक्कल केली नाही, म्हणून ती आजही स्मरणात आहे.

मग चांगला जॅझ गायक कोण? पल्ला, गोडवा, स्कॅट, सोसलेले दुःख यांपैकी कोणतीही एक कसोटी लावली की कोणीतरी थोर कलावंत दाराबाहेर राहतो. आर्मस्ट्राँगपाशी गोडवा नव्हता, बिलीपाशी पल्ला नव्हता, एलापाशी दुःखाचे प्रदर्शन नव्हते. तिघांपाशी एकच गोष्ट समान होती. दुसऱ्याने रचलेले गाणे हाती आल्यावर, त्या क्षणी, आपल्यापाशी जे खरोखर आहे तेवढ्याच बळावर ते त्यांनी आपले केले. नसलेल्याचे सोंग आणले नाही.

१९५६ मध्ये एला आणि आर्मस्ट्राँग यांनी मिळून एक तबकडी केली. काचेसारखा एक आवाज, वाळूसारखा दुसरा. एकाने दुसऱ्यासारखे होण्याचा यत्न केलेला नाही, आणि एकाने दुसऱ्याला झाकलेलेही नाही. वाद घालणाऱ्यांनी ती एकदा शांतपणे ऐकावी. आणि रविवारी आपल्या गायकवृंदात शेजारी उभ्या असलेल्या बेताच्या गळ्याच्या माणसाकडे वळून पाहण्यापूर्वी आपणही ती ऐकावी.