रक्ताच्या कर्करोगासाठी जीन थेरपी: महाड-पोलादपूरच्या रुग्णांना काय माहीत असावे?

केमोथेरपी पूर्ण झाली, रुग्ण घरी आला आणि काही महिन्यांनी आजार परत आला, तर 'आता पुढे काय?' हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला पडतो. रक्ताच्या कर्करोगाच्या अशा काही रुग्णांना 'कार-टी' हा उपचार देता येतो. हा जीन थेरपीचा एक प्रकार आहे. भारतात तो पहिल्यांदा दिला गेला ४ जून २०२१ रोजी, टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात.

हा उपचार कसा करतात?

आपल्या रक्तातील टी-पेशी संसर्गाशी लढतात; पण कर्करोगाच्या पेशी त्यांना ओळखू येत नाहीत. म्हणून रुग्णाच्याच टी-पेशी यंत्राद्वारे वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवा जनुक घालतात. आता या पेशी 'सीडी-१९' ही खूण असलेल्या पेशी ओळखून नष्ट करू शकतात. त्यांची संख्या वाढवून, रुग्णाला काही दिवस केमोथेरपी देऊन, त्या सलाइनसारख्या शिरेतून परत सोडतात.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या 'नेक्सकार-१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी तो तयार करते.

तो कोणासाठी आहे?

बी-पेशींचा लिम्फोमा किंवा बी-पेशींचा अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असलेल्या आणि नेहमीच्या उपचारांनी बरे न झालेल्या किंवा आजार उलटलेल्या रुग्णांसाठी. स्तन, तोंड, फुप्फुस अशा कर्करोगांसाठी हा उपचार नाही. पहिला उपचार टाळून थेट कार-टीची वाट पाहणे धोक्याचे आहे, कारण लिम्फोमा आणि ल्युकेमियाचे बरेच रुग्ण केमोथेरपीनेच बरे होतात.

फायदा आणि धोके

भारतातील चाचण्यांमध्ये सुमारे ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. मात्र प्रतिसाद म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. काहींचा आजार पुन्हा परततो. पेशी सोडल्यानंतर तीव्र ताप येणे, रक्तदाब घटणे, श्वास लागणे, गोंधळल्यासारखे होणे हे त्रास होऊ शकतात आणि क्वचित ते जिवावर बेततात. म्हणून सुरुवातीला रुग्णालयात आणि नंतर काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावे लागते. पोलादपूरच्या वरच्या गावांतून रात्री वेळेत पोहोचणे शक्य नसते, हे लक्षात ठेवून राहण्याची सोय आधीच करा.

खर्च किती?

अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. भारतीय उपचार त्याच्या सुमारे एक दशांश किमतीत, म्हणजे ४० लाखांच्या आसपास मिळू लागला. रुग्णालयाचा खर्च वेगळा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे. त्यामुळे जमीन विकण्याचा किंवा कर्ज काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. मुख्यमंत्री व पंतप्रधान सहायता निधी, ट्रस्ट आणि सुरू असलेल्या चाचण्या यांबद्दल ते माहिती देतात.

तुम्ही काय करावे?

- वारंवार ताप, मान-काख-जांघेत न दुखणारी गाठ, हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे डाग किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून रक्ताची सीबीसी चाचणी करून घ्या.
- बायॉप्सीचा रिपोर्ट, तिच्या स्लाइड व ब्लॉक, बोन मॅरो आणि स्कॅनचे रिपोर्ट, घेतलेल्या केमोथेरपीची यादी एका फायलीत ठेवा.
- आजार उलटल्यास उशीर करू नका. प्रकृती फार खालावल्यावर किंवा संसर्ग झाल्यावर हा उपचार देणे अवघड होते.
- डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझ्या आजारात सीडी-१९ आहे का? बोन मॅरो प्रत्यारोपणाचा पर्याय आहे का? कार-टीनंतर पुढे काय?

'जीन थेरपी' किंवा 'स्टेम सेल'च्या नावाने मधुमेह, अर्धांगवायू, गुडघेदुखी बरी करण्याची हमी कोणी देत असेल, तर पैसे भरू नका. मंजुरीचा कागद मागा आणि तो आपल्या डॉक्टरांना दाखवा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या आजारासाठी योग्य उपचार कोणता, हे रक्तविकारतज्ज्ञ तपासणी करूनच सांगू शकतात.