चैत्रातले पन्हे आणि आंबेडाळ

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि आंबेडाळ देतात, तो केवळ देवीचा नैवेद्य आहे असे मानणे मला पटत नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा हा महिना म्हणजे कैरीचा भर आणि उन्हाचा कडाका. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात उकडलेली कैरी हाताने कुस्करून गार पाण्यात साखर, कापूर, मिरी घालून केलेले प्रपाणक सांगितले आहे. आजच्या पन्ह्यात गूळ आणि वेलची आली, कृती तीच राहिली. आंबेडाळही तशीच: हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, तिच्यात कैरी किसून घालायची, वरून हिंग-मोहरीची फोडणी. शिजवण्याचा खटाटोप नाही, दुपारी चुलीपुढे बसणे नाही, आणि डाळीतून प्रथिने मिळतात.

हे खाणे सुखवस्तू घरांतले होते, असा आक्षेप घेता येईल. तो बराचसा खरा आहे. शिवाय या समारंभातून विधवांना वगळले जाई, हा अन्याय झाकण्यात अर्थ नाही. पण उन्हाळ्याला आंबट, पातळ, गार खाण्याने उत्तर देण्याची समज एका वर्गाची नव्हती. शेतकऱ्याच्या घरी ज्वारी-नाचणीची आंबील होती, कोकणात आमसुलाचे सार होते. सणाने फक्त त्या समजुतीला तिथी दिली. म्हणून हळदीकुंकू करा वा करू नका, कैऱ्या आहेत तोवर घरात सगळ्यांसाठी पन्हे जरूर करा.