सागाच्या रानातून समुद्राकडे

धसईत उभे राहून आरमाराची गोष्ट सांगावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. मुरबाड तालुक्यातील हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी. येथून समुद्र दिसतही नाही. म्हणून किनाऱ्यावरील नाखवा-तांडेलांच्या वारशाशी आपला काय संबंध, असे आपण मानीत आलो. हा समज तपासून पाहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

जुन्नराकडून नाणेघाट उतरणारी वाट मुरबाडच्या मुलखातून कल्याणच्या खाडीस जाते. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात कल्याण बंदराचे नाव आलेले आहे. पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा त्यांच्या हाती नुसती खाडी आली नाही. खाडीमागचे सागाचे रानही आले. १६५९ मध्ये तेथे रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर जहाजबांधणीस होता. तो आपल्या माणसांसह पळून गेला. आरमार मात्र वाढतच गेले.

या लाकडाची किंमत राज्यकर्ते जाणून होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग हुजूरच्या परवानगीने तोडावा, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावा, परंतु रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, अशी ताकीद आहे. जहाज हे समुद्रावर तरते. पण त्याचे मूळ कोणाच्या तरी शेताच्या बांधावर, डोंगराच्या उतारावर रुजलेले असते.

आता वारशाच्या रक्षणाविषयी. आपले सुतार कागदावर नकाशा न काढता गलबत बांधीत. कोणती वाकडी फांदी कोणत्या फासळीस बसेल, हे बापाकडून मुलाकडे हातानेच जाई. मुलाने धंदा सोडला की ते ज्ञान संपले. मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ नावाचे शिवणीचे जहाज आपल्या नौदलात दाखल झाले. ते बांधताना पाचव्या शतकातील जहाजाचा नकाशा कोठेही मिळाला नाही. अजिंठ्याच्या लेण्यातील एका चित्रावरून आरंभ करावा लागला. समुद्रापासून इतक्या दूरच्या डोंगरात कोणा चितारी हाताने जे टिपून ठेवले, तेवढेच उपयोगी पडले.

यातच आपल्या कर्तव्याची दिशा आहे. किनाऱ्यावरच्या लहान गावांत जे वृद्ध सुतार आणि तांडेल आज हयात आहेत, त्यांचे शब्द, मापे व हत्यारांची नावे लिहून घेतली पाहिजेत. आणि आपल्याकडील म्हाताऱ्यांनाही विचारले पाहिजे, की हे लाकूड कोणत्या वाटेने खाली जात असे. प्रश्न साधा आहे. पण तो विचारण्यास उत्तर देणारा जिवंत असावा लागतो.